दीड स्टॉप खाली

माझ्या मावशीला सगळी गल्ली 'हनुवटी' म्हणते. तीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढताना तिने समोरच्या प्रत्येकाला "हनुवटी खाली" एवढंच सांगितलं, तेच तिला चिकटलं. नावाचा तिला राग नाही. राग येतो तो सांगूनही माणसं ऐकत नाहीत याचा.

तिच्या स्टुडिओचं मागचं दार तळ्यावर उघडतं. अवघडलेले चेहरे बघून वीट आला की ती त्या दारात बसून डबा खाते आणि बगळ्यांकडे बघत राहते. तिचा त्यांच्यावर जीव आहे. ती हे मेली तरी कबूल करणार नाही, म्हणून मी सांगते.

यंदा तळं बुजवून तिथे गाड्या उभ्या करायचं ठरलं. हरकत घ्यायला शुक्रवारपर्यंत मुदत होती. इथे बगळे घरटी करतात असा अर्ज आणि सोबत एक फोटो घेऊन मावशी पालिकेत गेली. मीही होते. तिथल्या साहेबांनी फोटो लांब धरला, जवळ धरला.

"बाई, ही तर पाण्यावरची पिशवी आहे."

खोटं कशाला बोलू, मलाही पिशवीच दिसली. ना पीस, ना डोळा, नुसता पांढरा डाग. 

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी साडेसहाला तळ्यावर. पाखरू हलतं म्हणून फोटो बिघडतो, असं तिने ठरवून टाकलं. शटरचा वेग पाचशेवरून हजार केला, हजारावरून दोन हजार. पण कॅमेरा ऑटोवर. वेग वाढला की तो भिंग आणखी उघडून उजेड भरून काढायचा. पुन्हा पिशवी. कुणाकडून तरी काढून घे असं मी सुचवलं, तर तिने कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला आणखी एक वेढा दिला.

गुरुवारी दुकानात एक नर्स आली, ओळखपत्राच्या फोटोसाठी, पांढऱ्या गणवेशात. पांढऱ्या पडद्यापुढे ती दिसेनाच, म्हणून मावशीने मागे काळं कापड लावलं. पहिल्याच फोटोत गणवेशाची बटणंसुद्धा जादा उजेडाने जळून पांढऱ्यात हरवली. मावशी कापडाकडे बघत राहिली, मग स्वतःच्या अंगठ्याकडे.

"पाणी," ती म्हणाली.

बिचारी नर्स उठून पेला भरून घेऊन आली.

मावशीच्या डोक्यात उजेड पडला होता. पांढऱ्या पडद्यासमोर कॅमेरा बिचकतो आणि फोटो काळपट काढतो, म्हणून पांढरं दिसलं की कॅमेऱ्याची चकती फिरवून एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड वाढवायचा, हे तिच्या अंगठ्यात तीस वर्षं मुरलेलं. तळ्यावर मात्र झाडांच्या सावलीतलं काळं पाणी बघून कॅमेरा आधीच उजेड वाढवत होता आणि त्यावर हिचा अंगठा आणखी एक स्टॉप चढवत होता. बगळा जळेल नाही तर काय.

शुक्रवारी तिने चकती दीड स्टॉप खाली आणली आणि अंगठ्याचा भरवसा नाही म्हणून वर चिकटपट्टी मारली. दीड तास आम्ही चिखलात उभ्या होतो. मग बगळा आला, चोचीत काडी घेऊन.

दुपारी पालिकेत साहेबांनी चष्मा लावला. पीस न पीस मोजता येत होतं, काडीची सालसुद्धा दिसत होती.

"पिशव्या घरटी बांधत नाहीत," मावशी म्हणाली.

फोटोवरून मान वर न करता साहेब पुटपुटले, की हरकत नोंदवून घेतो, पुढचं पुढे बघू.

मावशीने टेबलावर हात टेकले. आयुष्यात पहिल्यांदाच तिने उलटं सांगितलं.

"हनुवटी वर, साहेब. माझ्याकडे बघून सांगा."

त्यांनी वर पाहिलं. 

"पिल्लं उडून जाईपर्यंत तळ्याला कुणी हात लावणार नाही. पुढच्या वर्षीचं मात्र मी सांगू शकत नाही."

"बगळे दर वर्षी येतात," मावशी म्हणाली. "मीही येईन."