जाऊबाईंचं गॅदर

आमच्या थोरल्या जाऊबाई दोरीवरचे कपडे काढत नसत, 'गॅदर' करीत. मी लग्न होऊन मानवतला आले त्याच आठवड्यात दुपारी एकाएकी वावटळ उठली आणि त्या माजघरातून ओरडल्या, "धाकटे, पळ, पापड गॅदर कर!" गॅदर म्हणजे भाजायचे की तळायचे, हे विचारायला मी चुलीपाशी गेले. तोवर निम्मे पापड शेजारच्यांच्या गोठ्यात जाऊन पडले होते. सासूबाई मला बोलल्या. जाऊबाईंना कुणी काही बोललं नाही. त्यांना इंग्रजी येत होतं ना!

त्यांचे वडील सिकंदराबादेला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. शेजारच्या क्वार्टरात एक मेमसाहेब राहायची. तिने जाऊबाईंना शिवण शिकवलं आणि शिवणाबरोबर इंग्रजीही शिकवलं. फ्रॉकच्या कमरेला चुण्या घालतात त्यांना ती 'गॅदर' म्हणायची. तिथून हा शब्द जाऊबाईंच्या तोंडी बसला तो कायमचा. हळदीकुंकवाला दारात उभ्या राहून त्या कौतुकाने म्हणत, "आज लय बायका गॅदर झाल्या बाई!" बायका हसत आणि जाताना वाणाबरोबर तो शब्दही घरी नेत. पुढे पुढे तर बोरं विकणारी म्हातारीसुद्धा पाटी उतरवताना म्हणे, "सकाळीच ग्यादर केलीत, वैनी. बगा तरी, कशी पाडाची हायती." सगळी गल्ली त्यांना इंग्रज वैनी म्हणायची. माझ्या भाकरीचा पापुद्रा त्यांच्या भाकरीपेक्षा चांगला सुटायचा, पण त्यावरून मला कुणी नाव दिलं नाही.

हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण आमच्याकडे 'हे' मॅट्रिकच्या परीक्षेला बसले होते. राज्य निजामाचं, शाळा उर्दूची. यांचं उर्दू असं की मौलवीसाहेबांनी पाठ थोपटावी. इंग्रजीत मात्र एकदा आपटले होते. पास झाले तर रेल्वेत चिकटवून देतो, असा एका नातेवाइकांनी शब्द दिला होता. घरातला दुसरा कमावता हात त्या एका विषयापाशी अडला होता. मग दुपारी ओसरीवर वैनींची शिकवणी सुरू झाली.

"गॅदर म्हणजे जमा करना," हे पुस्तकात बघून म्हणत. "पाठ झालं, वैनी."

"पाठ झालं, पण कळलं का? त्या फडताळावर धूळ बसलीय बघा. ती कोण जमा करायलंय?"

"कुणीच न्हाई."

"तरी फडताळ धूळ गॅदर करायलंच की! बरं, गाडी स्टेशनातून सुटल्यावर काय गॅदर करती?"

"पॅसेंजर?"

"अहो भावजी, पॅसेंजर सुटायच्या आधीच बसले. सुटल्यावर गाडी वेग गॅदर करती!"

आणि दोघं हसत सुटत. मी आत तूर निवडत बसलेली असे. ते फडताळ पुसायचं काम माझ्याकडे होतं. पण खरं दुखणं फडताळाचं नव्हतं. असं मान मागे टाकून हसणारा माणूस माझ्या वाट्याला कधी आलाच नव्हता. माझ्याशी यांचं बोलणं म्हणजे "पाणी" आणि "टोपी कुठंय". जाऊबाई दिसायला माझ्यापेक्षा काही उजव्या नव्हत्या, वयाने मोठ्या होत्या, यांना धाकट्या भावासारखं वागवीत. हे सगळं मला कळत होतं, आणि तरीही ओसरीवर हसू फुटलं की माझ्या हातातलं सूप खाड्कन आपटे.

एके दिवशी शिकवणी अर्ध्यात टाकून त्या स्वयंपाकघरात आल्या आणि माझ्यासमोर पाट ओढून बसल्या.

"आय गॅदर, तुला माझा राग आलाय," त्या म्हणाल्या.

"मला न्हाई कळत तुमचं विंग्रजी."

"म्हंजे मला कुणी येऊन सांगितलं न्हाई. सूप आपटलं, ते ऐकलं. काल तू जेवली न्हाईस, ते बघितलं. माझ्या पानात मीठ वाढायचं तेवढं विसरतीस. एकेक वेचलं आणि समजलं. त्याला पण गॅदरच म्हणतेत."

मला रडू फुटलं. त्यांनी समजूत काढली नाही, की 'उगं काही मनात आणू नको' असंही म्हणाल्या नाहीत. नुसतं सूप माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, "तूर मी निवडते. तू जाऊन त्यांना शब्द विचार. जा."

"मला कुठं येतंय?"

"सकाळी मी तुला सांगत जाईन, दुपारी तू त्यांना विचार. मास्तर व्हायला एक दिवस पुढं असलं तरी भागतंय."

त्यांनी ते खरं केलं. सकाळी आडावर धुणं धुताना त्या मला पाच-सहा शब्द सांगायच्या, आणि दुपारी मी ओसरीवर, डोक्यावरचा पदर सावरत, नवऱ्याची परीक्षा घ्यायची. हे आधी चकित झाले, मग खूश झाले, मग वाद घालायला लागले. आमचं खरं बोलणं सुरू झालं ते तिथून. पण एखादा शब्द अडला की हे सहज म्हणत, "जा, वैनींना विचारून ये." मी विचारून येई. येताना चेहरा कसा होत असेल, ते ओसरीच्या खांबालाच ठाऊक.

हे पास झाले. आधी आईच्या पाया पडले, मग वैनींच्या. मी पेढ्यांचं ताट धरून उभी होते. जाऊबाई म्हणाल्या, "भावजी, मास्तरीणबाई राहिल्या की!" सगळे हसले. मीही हसले, पण मला वाटलं, यांना त्याची आठवण जाऊबाईंनी कशाला करून द्यायला हवी?

मग अठ्ठेचाळीसचा तो वाईट उन्हाळा आला. गावोगावची माणसं हद्द ओलांडून वऱ्हाडात जायला लागली. जाऊबाईंच्या यजमानांचं, थोरल्या भावजींचं, नाव निजामाविरुद्धच्या चळवळीत घेतलं जात होतं, त्यांना राहून चालणार नव्हतं. यांची रेल्वेची नोकरी, सासूबाई आजारी, म्हणून आम्ही थांबलो. पहाटे बैलगाडी दारात आली. बोचकं गाडीत टाकून जाऊबाई माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, गळ्यात पडतील. त्या म्हणाल्या, "भावजींना पित्त होतंय, चहात आलं घालत जाऊ नको." लग्नाला चार वर्षं होऊन गेली होती, आणि हे मला माहीत नव्हतं! गाडी वळणावर गेली, तोवर हे रस्त्यात उभे. मी दारात.

पावसाळ्याच्या शेवटी निजामाचं राज्य गेलं. लोक परत येऊ लागले. एका दुपारी टांग्यातून थोरले भावजी उतरले, एकटेच. तिकडच्या छावणीत तापाची साथ आली होती. जाऊबाई आठ दिवसांत गेल्या.

हे ओसरीवर बसून लहान पोरासारखे रडले. पहिल्या बाळंतपणात मी मरता मरता वाचले, तेव्हा यांच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. मी पाणी घेऊन आले, तांब्या त्यांच्यापुढे ठेवला, आणि मला त्या रडण्याचाही हेवा वाटला. मग मी परसात आडाकडे गेले. धुण्याचा दगड कोरडा होता. मी त्यावर बसले आणि माझा बांध असा फुटला की आवाज ओसरीपर्यंत गेला.

हे धावत आले. "अगं, तू एवढी? तुझं तर त्यांच्याशी..." माझ्या शेजारी बसून ते पुन्हा रडायला लागले.

मी त्यांचा हात बाजूला सारला. मी म्हणाले, "वैनी तुमची होती. जाऊ माझी होती. तुमी आत जा. आधी मला रडू द्या."