गादी रिकामी ठेवता येत नाही

आमच्या तांड्यावर गादी आहे. तिच्यावर आधी पणजोबा बसले, मग आजोबा, मग माझा बा. लोक त्याला बापू म्हणत. दर सोमवारी दारव्हा-दिग्रसकडून गाड्या भरून माणसं येत आणि आपली दुखणी त्याच्यापुढे मांडत. बा सगळं ऐकून घ्यायचा, कपाळाला विभूती लावायचा आणि माणसं गेली की परसात जाऊन उलटी करायचा. हे फक्त आईला आणि मला माहीत होतं.

धाकट्या भावाचं दारव्ह्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. शिट्टी वाजवत काम करायचा. गेल्या उन्हाळ्यात बानं अंथरूण धरलं, तेव्हा त्यानं भावाला जवळ बोलावलं. मी पाय चेपत बसले होते. घरात आम्ही गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतो. इथे ते बोलणं वऱ्हाडीत लिहिते.

"तू बसू नको," बा म्हणाला. "लोकं दुःख आणून टाकतात, परत कोणी नेत नाही. माह्यासंगं संपू दे हे."

"नाही बसत, बा." भाऊ लगेच म्हणाला. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला.

चौथ्या दिवशी सकाळी बा गेला. दुपारपर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. समाधीचा खड्डा खणून तयार होता. भाऊ आणि चुलते बाला उचलून दाराशी आले, तर दारातली माणसं हललीच नाहीत. आरडाओरडा नाही, रडणं नाही. नुसती बसून राहिली. बाला परत आत ठेवावं लागलं.

तांड्याचा नायक हात जोडून भावापुढे आला. "गादी रिकामी ठेवून बापूले नेता येत नाही. तुम्ही बसा, मंग नेऊ."

"बानंच नाही म्हटलं. हिले विचारा."

मी बाचे शब्द जसेच्या तसे सांगितले. नायकानं माझ्याकडे पाहिलंही नाही. "बिमार माणूस बोलून जाते काहीबाही," तो भावालाच म्हणाला.

ऊन चढत गेलं. बाखालची बर्फाची लादी वितळून पाणी उंबऱ्याबाहेर आलं. बायका त्यात बोटं बुडवून डोळ्यांना लावू लागल्या. आईला ते बघवेना. "बस रे," ती भावाला म्हणाली. "तुह्या बाची माती होऊ दे."

तो बसला. सगळं अंगण एकदम वाकलं आणि वाट मोकळी झाली.

"सोमवारपासून दुकान उघडतो," असं तो महिनाभर म्हणत होता. मग म्हणेनासा झाला.

दिवाळीत मी तांड्यावर गेले, तेव्हा मलाही रांगेत उभं राहावं लागलं. माझा नंबर आला. त्यानं वर न बघता माझ्या कपाळाला विभूती लावली, मग ओळखलं आणि माझं मनगट पकडलं.

"बाई, गाडी आणली का?"

"आणली."

"मंग चाल. मले घेऊन चाल."

तो उठला. त्याच्याबरोबर सगळं अंगण उठलं. दाराशी बसलेले उभे राहिले, ते दारातच.

"कुठं निघाले, बापू?" नायकानं अगदी नरमाईनं विचारलं.

भावाची बोटं माझ्या मनगटावर रुतली होती. ती हळूहळू सैल झाली. तो खाली बसला, आणि माझ्या मागच्या बाईनं मला हलकेच बाजूला सारलं.