संस्थेची शाल

ढुंढिराज दीक्षित खजिनदार झाले तेव्हा नाशिकच्या त्या छोट्या नाट्यसंस्थेत चहाचेही वांधे होते. या माणसाने ती जगवली, पण कशी ते विचारू नका. कलावंतांच्या सत्काराला त्यांनी एकच शाल ठेवली होती. मंचावर खांद्यावर घालायची, फोटो काढायचा, आणि सत्कारमूर्ती विंगेत आली की "संस्थेची आहे हो," म्हणत काढून घ्यायची. नारळ तेवढा घरी न्यायचा.

वत्सलाबाईंनी उभी हयात संस्थेत फुकट कामं केली. त्यांचा सत्कार झाला तेव्हा विंगेत "घरी दाखवते आणि उद्या आणून देते," म्हणत त्यांनी शाल घट्ट धरली. ढुंढिराजांनी ती सगळ्यांदेखत ओढून घेतली आणि कपाटात कोंबली. बाई पुन्हा संस्थेची पायरी चढल्या नाहीत.

पुढे दिंडोरीचा एक वायनरीवाला अध्यक्ष झाला. पैसा आला, एसी हॉल आला, आणि ढुंढिराजांना वयाचं कारण सांगून घरी बसवलं. निरोपाच्या समारंभात देणगीदारांच्या बायकांनासुद्धा नव्या रेशमी शाली मिळाल्या. ढुंढिराजांच्या खांद्यावर पडली तीच जुनी, डांबरगोळ्यांच्या वासाची. तरी म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

विंगेत नवी खजिनदार संध्या उभी होती, वत्सलाबाईंची सून. तिने हात पुढे केला. "काका, शाल."

"अगं, आता तर संस्थेकडे पैसा आहे!"

"आहे ना," संध्या गोड हसली आणि तिने शाल खस्सकन ओढली. "नारळ न्या. आईंनीही तेवढाच नेला होता."