मी नावं ठेवलेली पेटी

भोरच्या कॉम्प्युटरवाल्याने मला फसवलं. तो एक शब्द खोटं बोलला नाही, माल निकृष्ट दिला नाही. मी तोंडाने जे मागितलं तेच त्याने मला दिलं. फसवणूक ती हीच, पण ती समजायला बाजारात उभं राहिलेला माणूस लागतो.

मी शेळ्या-बोकडांचा व्यापारी. जन्म वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीवर. वडिलांची मेंढरं राखता राखता पहिला बोकड विकला, पुढे टेम्पो घेतला, आणि आता हायवेवरच्या बऱ्याच हॉटेलांना माल माझा जातो. भोरला घर बांधलं तेव्हा आबांना, म्हणजे वडिलांना, खाली आणलं. आई त्याआधीच गेली होती.

आईचा एकच व्हिडिओ आमच्याकडे आहे. माझ्या भाच्याने जुन्या बटणांच्या मोबाईलवर काढलेला. त्यात ती गाणं म्हणत नाही की कुणाला आशीर्वाद देत नाही. ती आबांना शिव्या घालते. आबांनी गाठ नीट मारली नाही, करडू सुटलं आणि तिच्या वाळवणात शिरलं, असा विषय आहे. वारा जोरात आहे, चित्र हलतं, मध्येच एक कुत्रं आडवं जातं. आई लांब उभी असल्यामुळे आवाज बारीक येतो. शेवटी ती आबांजवळ येते, हळू आवाजात काहीतरी म्हणते, आबा हसतात आणि व्हिडिओ संपतो. ती काय म्हणाली ते आजवर कुणाला ऐकू आलेलं नाही. आबांना आठवत नाही. त्यांना ते ऐकायचं आहे. त्यांचा एक कान पुरता गेला आहे आणि दुसऱ्यात मशीन आहे. तोही हळूहळू चालला आहे, असं डॉक्टर म्हणतात.

टीव्हीला पेनड्राइव्ह लावून पाहिला, तर टीव्हीने ती फाइलच घेतली नाही. भाचा पुण्याला नोकरी करतो. तो म्हणाला, "मामा, टीव्हीखाली एक कॉम्प्युटर ठेवा आणि चांगले स्पीकर जोडा. आजीचा आवाज मी जरा साफ करून देतो. फक्त कॅबिनेट गपगार बघून घ्या. पंख्याची घरघर नको." कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरची बाहेरची पेटी, ज्यात बाकीचे भाग बसवतात. पेटीच घ्यायची होती. मी आयुष्यभर जिवंत जनावरं पारखून घेतली आहेत.

दुकानात टीव्हीजवळ ठेवण्याजोग्या दोन पेट्या होत्या. एक चपटी, काळी, जुन्या डीव्हीडी प्लेयरसारखी. आत एकच मोठा पंखा, तो सावकाश फिरणारा. दुकानदाराने चालू करून दाखवली तेव्हा मला हात लावून बघावं लागलं की चालू आहे की नाही. दुसरी उंच, एका बाजूला काच, पुढे तीन पंखे, आणि प्रत्येक पंख्यात रंग बदलणारे दिवे. चपटी पेटी माझ्या मनात बसली. बसल्याबरोबर मी तिच्याकडे पाठ केली.

इथे आमची रीत सांगायला हवी. ज्या जनावरावर मन बसलं त्याला बाजारात कधी चांगलं म्हणायचं नाही. त्याला नावं ठेवायची आणि शेजारच्या मरतुकड्याचं कौतुक करायचं. विकणारा ते ओळखतो. तो म्हणतो, मग ते शेजारचंच न्या की पाव्हणं. घेणारा चिडल्यासारखं करतो, विकणारा हसतो, आणि मग खऱ्या जनावराचा दोर पुढे ओढून बोली सुरू होते. यात लबाडी नाही. दोघांनाही सगळं माहीत असतं.

"ही काय पेटी हाय का जेवणाचा डबा?" मी चपटीवर बोट ठेवून म्हणालो. "हिला वारा कुठनं लागायचा? आतला माल गुदमरून मरंल."

"खरंय काका," तो म्हणाला.

मी थांबलो. त्याने पुढे काहीतरी म्हणायला हवं होतं.

"पत्रा बी पातळ दिसतोय."

"पातळ न्हाई, पर तुमी म्हणताय तर असंल."

"आन ही काचंची बघ. छाती बघ हिची. दारात उभी केली तर लोकं इचारतील."

"मग हीच देऊ?"

"दे की," मी चिडून म्हणालो.

इथे त्याने हसायचं होतं. तो हसला नाही. त्याने काचेच्या पेटीचं खोकं खाली उतरवलं. मला वाटलं, पोरगं तयारीचं आहे, ताणून धरतंय. मग मी काचेच्या पेटीचा भाव असा काही पाडून मागितला की कुणीही शहाणा विकणारा वैतागून म्हणेल, त्यापेक्षा ती चपटी घेऊन जावा. तो हो म्हणेना की नाही म्हणेना. मी उठून दारापर्यंत गेलो. त्याने मागून हाक मारली, त्यामुळे मला बरं वाटलं.

"काका, दिली. तुमच्या भावात दिली."

आणि त्याने हात पुढे केला. दिली म्हटल्यावर सौदा झाला. माझ्या तोंडून निघालेला भाव समोरच्याने मान्य केला आणि मी मागे फिरलो, असं आजवर झालेलं नाही. भोरपासून वेल्ह्यापर्यंत कुणालाही विचारा. मी त्याच्या हातावर हात मारला. पेटी मोठी म्हणून त्याने आतले भाग ज्यावर जोडतात तो बोर्डही मोठाच बसवला, मोठा पॉवर सप्लाय बसवला, आणि दोन माणसांनी ते धूड माझ्या टेम्पोत चढवलं.

घरी चालू केल्यावर बायको दारात येऊन उभी राहिली.

"कुणाचं लगीन हाय?"

"कॉम्प्युटर हाय त्यो."

"मग वाजंत्री कशाला आणली?"

आबांनी कानातलं मशीन दोनदा काढून पुसलं आणि परत घातलं. "जवळ गिरण काढली का रं कुणी?" ते म्हणाले. कानातल्या मशीनला आईचा आवाज आणि पंख्याची घरघर यातला फरक कळत नाही, ते दोन्ही सारखंच वाढवतं. आईच्या शिव्या बऱ्यापैकी कळल्या. भाच्याने काम चांगलं केलं होतं. मग ती आबांजवळ आली, आवाज खाली गेला, आणि तिथून पुढे नुसते पंखे. आबा टीव्हीतल्या आबांना हसताना बघत राहिले.

मी पंख्यांच्या वायरी उपसून काढल्या. आई करडापर्यंत आली आणि कॉम्प्युटर तापून बंद पडला. मग मी दुकानात गेलो.

"ती चपटी काढ."

"ती गेली काका. नसरापूरच्या एका डॉक्टरांनी नेली."

"कितीला?"

"भाव केलाच न्हाई त्यांनी. आवडली म्हणाले आन घेऊन गेले."

चपटी जिथे होती त्या रिकाम्या फळीवर मी हात फिरवला.

"आन आता ती असती तरी तुमचा बोर्ड तिच्यात बसला नसता," तो म्हणाला. "तुमी असं करा, कॉम्प्युटर पलीकडच्या खोलीत ठेवा. मी लांब वायर देतो."

"बोकड आजारी निघाला म्हणून आलोय, तर दावं विकतो व्हय रं?"

"काका, तुमीच तिला नावं ठेवली. मी काय केलं?"

"नावं ठेवली म्हंजी मनात भरली, येवढं कळत न्हाई तुला?"

"मला कसं कळंल? मी कॉम्प्युटर इकतो."

हे मी मान्य करणार नाही. याचा बाप वरवे गावचा, आणि बाजारात कित्येक वर्षं माझ्या शेजारी शेळ्या बांधत होता. नावं ठेवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. माझ्या एका धडधाकट बोकडाला तो सकाळभर आंधळा म्हणत राहिला आणि दुपारी तोच घेऊन गेला. त्या घरात जेवून मोठा झालेल्या माणसाला बाजाराची बोली कळत नाही, असं त्याने दुसऱ्या कुणाला तरी सांगावं. तो हसला नाही, कारण हसला असता तर ती न खपणारी काचेची पेटी त्याच्याकडेच राहिली असती.

भाचा म्हणतो, मामा, सोडून द्या, दुसरी चपटी पेटी मागवू, बोर्डही लहान घेऊ. मागवली आहे, येईल तेव्हा येईल. आबांच्या कानाचं मात्र तसं नाही. मागच्या महिन्यात त्यांना करडाचा विषय कळत होता. आता ते मला विचारतात, ती नेमकी कशावरून चिडलीय.

म्हणून त्या दुकानदाराला माझं सांगणं आहे. पैसे परत नकोत, पेटीही बदलून नको. एखाद्या दुपारी आमच्या घरी ये, आबांच्या शेजारी बस, स्वतःच्या हाताने तो व्हिडिओ लाव, आणि शेवटी आई काय म्हणाली ते ऐकून त्यांना सांग. तुला ऐकू आलं नाही, तर का आलं नाही तेही त्यांच्या तोंडावर सांग. त्या दिवशी माझं बोलणं तुला कळलं होतं की नव्हतं, याचा जबाब मला देऊ नकोस, त्यांना दे. आणि मोठ्याने बोल, त्यांना ऐकू जाईल असं.