पदवीवरची ती, आधारवरची मी

माझं नाव बदललं तेव्हा मी हसत होते. फोटोत तसं दिसतंय. लग्नाच्या संध्याकाळी कल्याणला सासरच्या घरी लक्ष्मीपूजन चाललेलं, पाटावर चांदीचं ताट, ताटात तांदूळ पसरलेले, आणि नवऱ्याने बोटातल्या अंगठीने तांदळात चार अक्षरं लिहिली. इंजिनीअर माणूस, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मला वाचताच येईना. शेवटी सासूबाईंनी मोठ्याने वाचून दाखवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. नाव त्यांनीच निवडलेलं, मुलाच्या नावाशी जुळणारं. कानाला गोड होतं, खोटं कशाला बोलू? पण ते माझं नव्हतं.

माझं नाव दोन अक्षरी, पहिल्यावर अनुस्वार. डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात उभं राहून कुणी हाक मारली की तिसऱ्या मजल्यापर्यंत घुमायचं. मला वाटलं, असू दे हे नवीन नाव घरातल्या घरात. आमच्याकडे कितीतरी बायकांना दोन नावं असतात, माहेरचं आणि सासरचं, आणि कुणाचं काही अडत नाही.

पण माझा नवरा म्हणजे कामाला वाघ! फिरून आलो न आलो तोच त्याने नावबदलाचं गॅझेट केलं, मग आधार, मग पॅन, मग बँक. मी इंटर्नशिपच्या शेवटच्या धावपळीत, तो म्हणेल तिथे सह्या करत गेले. सगळं झाल्यावर मला म्हणतो, "बघ, तुला कुठे लाइनीत उभं राहावं लागलं का?" चेहऱ्यावर इतका आनंद, की मी थँक यू म्हटलं.

आता माझ्या शिक्षणाबद्दल सांगते, कारण ते कुणाला कळत नाही. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. लकव्यानंतर घास तोंडापर्यंत नेता यावा, हात मोडल्यावर पुन्हा साडीच्या निऱ्या घालता याव्यात, लहान मुलाला पेन्सिल धरता यावी, अशी रोजची कामं माणसाला परत करायला शिकवायची, हे आमचं काम. सासरच्या सोसायटीत मला सगळे फिजिओ म्हणतात. सरकारी मराठीत आमचं नाव व्यवसायोपचार. ठाण्याला कोर्टाबाहेर नोंदणीच्या अर्जासाठी प्रतिज्ञापत्र टाइप करून घेत होते तेव्हा टाइप करणारे काका थांबले आणि म्हणाले, "ताई, व्यवसाय कसला ते पण लिहावं लागेल. किराणा, कपडे, काय?" मी म्हटलं, "काका, दुकान नाहीये हो माझं." तर म्हणतात, "मग लायसन कशाला हवंय?"

लायसनच हवं होतं ना! पदवी मिळाली म्हणून काम करता येत नाही. राज्याच्या कौन्सिलमध्ये नोंदणी करायची, नंबर घ्यायचा, आणि तो मिळेपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही. नियम चांगला आहे, कुणीही उठून कुणाचाही हात पिळू नये. पण माझा अर्ज परत आला. पदवीवर एक बाई, आधारवर दुसरी. पहिलं नाव वेगळं, बापाच्या जागी नवरा, आडनाव वेगळं. फोटो तेवढा एकच.

मी फोन केला. तिकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "नोंदणी पदवीवरच्या नावाने होईल. ओळखपत्र तिच्याशी जुळलं पाहिजे." मी विद्यापीठात विचारलं, पदवीवर नवीन नाव टाकता का. ते म्हणाले, परीक्षा ज्या नावाने दिली तेच राहणार. दोघांचंही काही चुकत नव्हतं, राग काढायचा तरी कुणावर? राहिला एकच मार्ग. आधार परत जुन्या नावावर न्यायचं. म्हणजे पुन्हा गॅझेट. म्हणजे अंगठीने लिहिलेलं ते नाव सरकारदरबारी पुसून टाकायचं, आणि ते आधी घरात सांगायचं.

"थांब ना जरा," नवरा म्हणाला. "आईला वाईट वाटेल. वर्षाच्या आत नाव मोडायचं म्हणजे... कसं वाटतं ते."

"अरे, पण माझी नोकरी?"

"ती कुठे पळून चाललीय?"

पळूनच चालली होती. ठाण्यातल्या एका थेरपी सेंटरच्या मॅडमनी माझ्यासाठी जागा धरून ठेवलेली. एका हॉलमध्ये लहान मुलं, दुसऱ्यात हाताचे पेशंट. मॅडम म्हणाल्या, "शाळा सुरू होईपर्यंत थांबते, मग दुसरी बघावी लागेल. तोवर येऊन बसत जा. पण हात लावायचा नाही हं कुणाला."

म्हणून मी रोज कल्याणहून ठाण्याला जाऊन नुसती बसायचे. एक मुलगी यायची, पहिलीतली, दोन वेण्यांची. तिला पेन्सिल धरता येत नव्हती, म्हणून तिच्यापुढे ट्रेमध्ये तांदूळ पसरायचे आणि बोटाने अक्षर गिरवून घ्यायचे. दाणे बोटाला लागतात, अक्षराचं वळण हातात बसतं. माझ्याबरोबरची थेरपिस्ट दुसऱ्या मुलाकडे वळली की हिचं कोपर हवेत जायचं, मनगट वाकायचं, अक्षर कोसळायचं. कोपराखाली दोन बोटं लावली असती तरी झालं असतं. मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. आणि तो ट्रे बघून लग्नाची संध्याकाळ आठवायची. तेच तांदूळ, तसंच पसरलेलं ताट. ही पोर आपलं नाव लिहायला धडपडतेय आणि माझं त्याच्यावरच अडलंय.

घरी आले की सासूबाई हाक मारायच्या, त्या चार अक्षरी नावाने. मला एक क्षण लागायचा कळायला, की आपल्यालाच. "अगं, लक्ष कुठे असतं तुझं?" सांगू कुठे असतं? मी कुकर लावायचे. मला त्या घरात कोंडल्यासारखं व्हायचं. दार उघडं, कुणी अडवत नाही, कुणी वाईट बोलत नाही, आणि तरी बाहेर पडायला जागा नाही.

त्यातच सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी ताठ, मूठ वळेना. डॉक्टरांनी थेरपी लिहून दिली. सासूबाई म्हणाल्या, "घरात आहे की एक, बाहेर कशाला जाऊ?" मी गरम पाण्यात हात धरून बोटं एकेक करून वाकवायला लागले, अगदी हलक्या हाताने. तिसऱ्या बोटाला त्या किंचाळल्या.

"सोड! तुला काय कळतंय गं? नंबर तरी आहे का तुझ्याकडे?"

माझं डोकंच फिरलं.

"नाहीये! आणि का नाहीये, ते माहितीये तुम्हाला? तुम्ही ठेवलेल्या नावामुळे नाहीये. माझ्या पदवीवर माझं नाव आहे, आणि त्या नावाची मुलगी तुमच्या घरात कागदोपत्री राहतच नाही!"

नवरा दारात उभा. सासूबाईंनी पाण्यातून हात काढला, डाव्या हाताने टॉवेल घेतला. मला वाटलं, आता रडतील किंवा माझ्या आईला फोन लावतील. त्या म्हणाल्या, "शुभ दिवशी ठेवलेलं नाव आहे ते," आणि आत गेल्या. त्यानंतर त्यांनी मला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. "अगं ए" यावर भागवलं.

मग मी कुणाला विचारलं नाही. पुन्हा ठाण्याचं कोर्ट, पुन्हा तेच टाइप करणारे काका. या वेळी त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "उलटं का चाललाय, ताई? घटस्फोट?" मी म्हटलं, "नाही हो, लायसन." नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं. तो मोबाइलकडे बघतच म्हणाला, "म्हणजे आडनाव पण?" मी म्हटलं, "पदवीवर जे आहे ते सगळं." "बरं," म्हणाला. चिडला असता तर मी भांडले असते. त्या "बरं"चं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

गॅझेट झालं, आणि आधार सेंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, नाव दोनदाच बदलता येतं. तुमचं आता झालं. विचार केलाय ना?" मी बोट मशीनवर ठेवलं.

नंबर आला, शाळा सुरू व्हायच्या जेमतेम आधी. वर माझं दोन अक्षरी नाव, अनुस्वारासकट. सेंटरमध्ये मी सगळ्यात आधी त्या दोन वेण्यांच्या पोरीजवळ जाऊन बसले आणि तिच्या कोपराखाली हात धरला. तिला काही विशेष वाटलं नाही. मला इतकं हलकं वाटलं, की बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन यावं लागलं.

घरी मात्र "अगं ए" तसंच चालू. सासूबाईंचा हात तसाच ताठ. वेणी घालता येईना म्हणून केसांना क्लिप लावायच्या, पोळ्यांना बाई ठेवली होती. मी परत विचारलं नाही, त्यांनीही मागितलं नाही. हट्टीपणात आम्ही दोघी एकमेकींना भारी.

आणि एका दुपारी मी हाताच्या पेशंटच्या हॉलमध्ये आले, तर बाकावर सासूबाई. इस्त्रीची साडी, मांडीवर पर्स, पर्सवर तो हात. एकट्या आलेल्या, कल्याणहून. मॅडमनी केसपेपर माझ्याकडे सरकवला. मी खुर्ची ओढून समोर बसले. बोटं तपासली, मनगट फिरवून बघितलं, आणि तांदळाचा ट्रे त्यांच्यापुढे ठेवला. "हात आत घाला. मूठ वळायचा प्रयत्न करा. हां, दुखेल थोडं."

त्या दाणे चिवडत राहिल्या. कपाळावर घाम आला, पण या वेळी ओरडल्या नाहीत.

"आता पहिल्या बोटाने काहीतरी लिहा," मी म्हटलं. "काहीही चालेल. श्री लिहा."

त्यांनी तळव्याने तांदूळ सारखे केले. बोट टेकवलं. पहिलं अक्षर वाकडं आलं, मी कोपराखाली हात धरला. दुसरं जरा बरं. तिसऱ्याशी त्या थांबल्या, काना द्यायचा की नाही असं काहीतरी आठवल्यासारखं केलं, आणि दिला. तीन अक्षरांचं कुणा बाईचं नाव. आमच्या घरात त्या नावाचं कुणी नव्हतं.

"कुणाचं हो, आई?"

"लग्नाआधी मोहने गावात कारखान्याच्या चाळीत राहायचो आम्ही," त्या म्हणाल्या. "बाबा पाळीवरून आले की कोपऱ्यापासूनच हाक मारत यायचे. आता या नावाने हाक मारणारं कुणी राहिलं नाही गं. परवा सबंध दिवस आठवून बघत होते, मी लिहायचे कसं ते."

माझी ड्युटी संपलेली नव्हती, बाहेर अजून पेशंट होते, आणि मला पुढचा व्यायाम सांगायचा होता. तो काही केल्या आठवेना.

"पुसू का?" सासूबाईंनी विचारलं. "दुसऱ्या कुणाला ट्रे लागत असेल."