सेक्शन सातचं पाणी

मी इंजिनिअर झालो तो तळकर बाईंमुळे. त्यांचं नाव आधी सांगतो, कारण त्या नसत्या तर आज मी पेणच्या भाताच्या गिरणीत आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, शेजारी उभा राहून पोती उचलत असतो. बाई आमच्या शाळेत गणित शिकवायच्या. कोकणातल्या जुन्या ज्यू घराण्यातल्या, बोलणं मात्र अस्सल पेणचं. शनिवार त्यांचा शब्बाथचा, त्या दिवशी काम नाही, म्हणून आमचे जादा तास रविवारी सकाळी त्यांच्या ओटीवर व्हायचे. फी नाही. वर चहा आणि बटर. आता त्या इस्राएलला मुलाकडे असतात. मोबाइलवर टाइप करणं त्यांना आवडत नाही, त्यामुळे आमचा अजून पत्रव्यवहार आहे.

इथे लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतो आहे. खरं सांगायचं तर नुसती करमणूक म्हणून वाचायचो. अमावस्या, चकवा, पांढरी साडी... मनात म्हणायचो, लोकांना वेळ आहे. आमच्या घरात कोणी शिकलेलं नाही. आई अजूनही माझी दृष्ट काढते, मी उभा राहतो, पण ते तिच्या समाधानासाठी. माझ्या बाबतीत जे झालं त्यात भूत वगैरे काही नाही. भर दुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात, लॅपटॉपवर झालं.

पनवेलला एसटी स्टँडच्या मागच्या रस्त्यावर आमचं ऑफिस आहे. दुसरा मजला, खाली झेरॉक्सचं दुकान. लहान कन्सल्टन्सी — रस्ते, गटारं, नाले यांची डिझाइन करून द्यायची. मी प्रोबेशनवर होतो. दिवाळीनंतर आमच्या प्रभू सरांनी मला बोलावलं आणि सांगितलं की कोन गावाच्या बाजूला एक नाला आहे, हायवेच्या मोरीपासून खाली खाडीपर्यंत. एका बाजूला नवीन प्लॉटिंग, दुसऱ्या बाजूला गावाची जुनी आळी. दोन्हीकडे भिंत घालायची आहे. भिंत किती उंच, ते काढायचं. हाताने नको, सॉफ्टवेअरवर करून दे. हे नीट झालं की तुझं कन्फर्मेशन करून टाकू.

कॉलेजात ते सॉफ्टवेअर आम्हाला प्रोजेक्टरवर एकदा दाखवलं होतं, बस. फुकट मिळतं, म्हणून डाउनलोड केलं. काम तसं सरळ आहे. नाल्याचे ठरावीक अंतरावर आडवे छेद द्यायचे, त्यांना आम्ही सेक्शन म्हणतो. तळ किती खडबडीत आहे ते सांगायचं. वरून पाणी किती येतं, खाली भरतीची पातळी काय, ते द्यायचं. रन दाबलं की प्रत्येक सेक्शनला पाणी किती चढेल ते निळ्या रेषेत दिसतं.

कागदावर सरळ. प्रत्यक्षात मी रडकुंडीला आलो. आधी सगळं फुटांत उघडलं आणि मी मीटरचे आकडे भरत बसलो. मग कळलं की आपला सर्व्हेअर हायवेकडून खाडीकडे अंतर मोजत गेला, आणि हे सॉफ्टवेअर खालून वर मोजतं. माझं पाणी खाडीतून निघून डोंगर चढत होतं. शेजारच्या टेबलावरचा फरहान, पनवेलचाच, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी सीनियर, तो बघून म्हणाला, "माशाल्ला, निलेश. सरकार इतकी वर्षं हेच शोधतंय." सगळं पुसून परत भरलं. हिंदी व्हिडिओ बघितले, त्यातला मास्तर जिथे अडायचं नेमकं तिथेच "ये तो आपको आता ही है" म्हणून पुढे जायचा. एरर यायचे ते असे, की वाचून माणसाला आपलंच इंग्रजी कच्चं वाटावं. पण या सगळ्या चुका माझ्या होत्या आणि एकेक करून सापडल्या. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं त्यात बसत नाही.

शेवटी रन झाला. रेषा छान वरून खाली उतरत होती... फक्त सेक्शन सातला पाणी एकदम वर. समुद्रसपाटीपासून चार पॉइंट पस्तीस मीटर. म्हणजे काठावरून वर, जमिनीवर कंबरेच्या आसपास. सेक्शन सहाला पाणी तळाशी, आठला तळाशी, आणि मध्ये सातला हे एकटं उभं.

पाणी असं उभं राहत नाही. हे सांगायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

मी आकडे तपासले. बरोबर. पाण्याचं प्रमाण निम्मं केलं — चार पॉइंट पस्तीस. दहावा भाग केला, म्हणजे नळ सोडल्यासारखं — चार पॉइंट पस्तीस. भरतीची पातळी उतरवली, तळ गुळगुळीत केला, बाकी सगळ्या सेक्शनचं पाणी वरखाली व्हायचं, सात हलायचं नाही. सेक्शन सात डिलीट केला आणि सहा-आठच्या मधून सॉफ्टवेअरलाच नवीन छेद बनवायला लावला. त्या नव्या छेदावर तेच. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. नवीन फाइल, पहिल्यापासून. मग फरहानच्या कॉम्प्युटरवर, त्याने स्वतः आकडे भरले, मी हातही लावला नाही. तेच. फरहानने हसत हसत स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढला. हसणं थोडं कमी झालं होतं.

मला त्या दिवसांत भीती अजिबात वाटली नाही. राग यायचा. आपल्याला येत नाही, हे उघडं पडणार याचा राग. बरोबरची मुलं बापाच्या ओळखीने लागतात, त्यांना चुकायची सोय असते. मला नव्हती. सर रोज जाता-येता विचारायचे, झालं का? मी म्हणायचो, एक सेक्शन त्रास देतोय. ते म्हणायचे, सर्व्हे चुकला असेल, जाऊन बघून ये.

म्हणून ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, घेऊन फरहानच्या बाइकवर आम्ही कोनला गेलो. सकाळचे दहा, लख्ख ऊन. सेक्शन सात म्हणजे नाल्याकाठची ती जुनी आळी. नाला कोरडा, तळात प्लास्टिक आणि दोन म्हशी. मोरीवरच्या बेंचमार्कपासून, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या खुणेपासून, लेव्हल आणली, छेद परत मोजला. सर्व्हे बरोबर होता. माझी शेवटची आशा गेली.

पाणी कुठपर्यंत आलेलं आहे, हे गावाला विचारायची पद्धत आहे. म्हणून जवळच्या घरी गेलो. घर कसलं, टाइल्स लावलेला दुमजली बंगला, समोर गाडी. घरत मावशी पायरीवर कोळंबी सोलत बसल्या होत्या. आम्ही कोण ते सांगितलं, त्यांनी आधी आम्हाला पाणी दिलं, मग फरहानला त्याच्या मामाच्या दुकानावरून ओळखलं, आणि मग ठामपणे सांगितलं की इथे पाणी कधी आलंच नाही. मोठ्या पुरातसुद्धा नाही. त्यांच्या सासूबाईंनीही कधी सांगितलं नव्हतं. आळीतल्या आणखी दोघांनी तेच सांगितलं.

बरं वाटलं. म्हणजे सॉफ्टवेअर खोटं बोलत होतं. ट्रायपॉड काढता काढता मी सहज आळीकडे पाहिलं.

आळी नाल्याकडे उतरती आहे. वरच्या टोकाच्या घरांना एक पायरी, मधल्यांना तीन-चार, खालच्या घरांना चांगला जिना चढून जावं लागतं. जुनी कौलारू घरं, नवे बंगले, सगळी तशीच. रस्ता उतरतो, पण उंबरे उतरत नाहीत. मी लेव्हलच्या दुर्बिणीतून एका टोकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं, तर सगळे उंबरे एका रेषेत.

मावशींना विचारलं, तेव्हा त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नाला मोजाया आलास का आमचा उंबरा?" मग सांगितलं. या आळीत नवीन घराचा उंबरा शेजारच्या जुन्या घराच्या उंबऱ्यावरून बसवायचा. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक शेजाऱ्याच्या उंबऱ्याला धरतो, दुसरं टोक नव्या दाराशी, आणि पाणी जिथे थांबेल तिथे उंबरा. त्या दिवशी शेजाऱ्याला नारळ द्यायचा. त्यांच्या मुलाच्या वाशीच्या आर्किटेक्टने गाडी आत घेता यावी म्हणून उंबरा खाली दाखवला होता. मावशींच्या नवऱ्याने नकाशा परत पाठवला.

मी विचारलं, असं का करतात?

"का म्हंजे? आमी असाच घालतो." कोळंबी टोपात टाकत त्या म्हणाल्या. "तुमी शिकलेली मानसं हाव, तुमीच सांगा. आमाला कोनी सांगितला नाय."

मी स्टाफ, म्हणजे मापाची उभी पट्टी, फरहानच्या हातात दिली आणि त्यांच्या उंबऱ्यावर धरायला सांगितली. रीडिंग घेतलं. उंबऱ्याची पातळी काढायला मनात वजाबाकी केली, मग मोबाइलवर केली. मग फरहानला आकडे सांगून त्याला करायला लावली. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला.

चार पॉइंट पस्तीस.

वरच्या टोकाचं सर्वांत जुनं घर — तेच, एखाद्या सेंटीमीटरचा फरक. खालचं घर — तेच.

ऑफिसात येऊन मी बॅगही न ठेवता लॅपटॉप उघडला आणि रन दाबला. सेक्शन सातला पाणी तळाशी. सहा, सात, आठ, सुरेख उतरती रेषा. कुठलाही आकडा बदललेला नव्हता. जुन्या सेव्ह केलेल्या फाइली उघडल्या, त्यांच्यातही तसंच. फरहानच्या कॉम्प्युटरवर तसंच. त्यानंतर मी किती वेळा रन केलं असेल याचा हिशोब नाही, पण चार पॉइंट पस्तीस पुन्हा आलं नाही. राहिला फक्त फरहानच्या मोबाइलमधला फोटो.

कोणालाही आनंद व्हायला हवा. सॉफ्टवेअर चाललं, भिंत बुटकी चालेल असं उत्तर आलं, सर खूश, क्लायंट खूश. मला मात्र संताप आला. इतके दिवस नको तेव्हा दाखवलंस, आणि आता विचारतोय तर गप्प?

मी रिपोर्टमध्ये एक वाक्य घातलं, की आळीच्या बाजूची भिंत सध्याच्या उंबऱ्यांच्या पातळीपर्यंत न्यावी. सरांनी खाली लाल रेघ मारून बोलावलं. सर वाईट नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फोटोही पाहिला. मग शांतपणे म्हणाले, "निलेश, हे सरकारी छाननीला जाणार. तिथे आधार काय विचारतील. फोटोवरून भिंत बांधायची का?"

फरहानने सांगितलं की मीही पाहिलंय सर. सर म्हणाले, तू पाहिलंस ते मला मान्य आहे, पण ते कशामुळे आलं ते सांग. तो पुन्हा फोटोच दाखवू लागला. सरांनी वाक्य काढून, खाली "तयार करणारा" म्हणून माझं नाव घालून सही करायला सांगितलं. नाल्याच्या दोन बाजूंपैकी प्लॉटिंगकडची आधीच भरावामुळे उंच होती. म्हणजे पाणी कधी आलंच, तर ते जाणार कुठे, हे बघायला सॉफ्टवेअर लागत नव्हतं.

मी सही केली नाही.

आजपर्यंत मी दोन प्राध्यापकांना विचारलं. एकाने सॉफ्टवेअरमधला दोष म्हटलं, तोच आकडा का, यावर खांदे उडवले. दुसऱ्याने योगायोग म्हटलं. असेल. इथे कोणाला यातलं काही कळत असेल तर जरूर लिहा, मी अगदी मनापासून विचारतोय. सही न केल्यावर काय झालं ते मी आधी तळकर बाईंना कळवलं, तेच पत्र खाली देतो. दुसऱ्यांदा वेगळ्या शब्दांत लिहिण्याची ताकद नाही.

*

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं, उत्तराला उशीर झाला. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का ते कळवा.

माझी नोकरी पक्की झाली नाही. या महिन्याअखेरपर्यंत आहे. आप्पांना आणि आईला अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला आधी सांगतोय, कारण तुम्ही रागावाल आणि मग विचार कराल. ते दोघं नुसतेच गप्प बसतील.

एका नाल्याच्या कामात मी भिंतीची उंची लिहिली आणि ती कुठून आली हे मला दाखवता आलं नाही. सगळं वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडलंय, ते सावकाश वाचा. साहेब म्हणाले काढून टाक, मी काढलं नाही. साहेबांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांनी दुसऱ्याच्या सहीने रिपोर्ट दिला आणि बुटकी भिंत मंजूर होईल असं दिसतं. परवा मी त्या आळीत जाऊन मावशींना एवढंच सांगून आलो की पुढे कोणी म्हणालं तरी उंबरा खाली घेऊ नका. त्या म्हणाल्या, आमी कशाला घेऊ? आणि जेवून जा म्हणाल्या. जेवलो.

आकडेमोड न दाखवता नुसतं उत्तर लिहिलं की तुम्ही शून्य द्यायचात. मलाही दिलंय. म्हणून तुम्हालाच विचारतो. उत्तर बरोबर आहे असं आतून वाटत असेल, आणि आकडेमोड काही केल्या येत नसेल, तर मी पेपर कोरा ठेवायला हवा होता का, बाई?

तुमचा,
निलेश