आईने दाखवलेली मॉली

माशांच्या खाद्याचा डबा उघडला की सुक्या जवळ्यासारखा वास येतो आणि मी मनाने पालघरच्या त्या शोभेच्या माशांच्या दुकानात जाऊन उभी राहते.

लकव्याने आईची वाचा गेली होती. घरात माशांची टाकी असली तर तिचं मन रमेल, म्हणून बाबांनी तिला शिरगावहून रिक्षाने मासे निवडायला आणलं. "गोल्डफिश गर्मी में नहीं टिकेगी, मॉली ले लो," दुकानदार म्हणाला. बाबांनी तिला मॉलीच्या टाकीसमोर बसवलं.

तिने डाव्या हाताचं बोट काचेवर टेकवलं. दुकानदाराने जाळीत काळी मॉली धरली. आईने मान हलवली. मग नारंगी, मग पांढरी. ती मानेनेच नको नको म्हणत काचेवर त्याच जागी बोट घासत राहिली.

"कुठला पायजे गं तुला? आमाला कळत नाय!" बाबा रडकुंडीला आले. शेवटी हाताला लागले ते मासे घेऊन आम्ही परतलो.

आई जाऊनही आता वर्षं झाली. आज टाकीचा दिवा बंद करून काच पुसत होते, तर माशांआधी माझाच चेहरा दिसला. आजारपणात घरातले सगळे आरसे आम्ही तिच्यापासून लपवले होते.

त्या दिवशी दुकानात ती काचेतलं आपलं वाकडं झालेलं तोंड पुसत होती.